कार्बोरेटरचा मार्च

बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या भंडाऱ्याकडे लोकांना मोहाच्या फुलांचा वास येऊ लागतो. मला पेट्रोलचा येतो. हे मी एकदा स्टाफरूममध्ये बोलून बसले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मोहाचंच काहीतरी पिऊन आले होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दर वर्षी पर्यवेक्षणाची ड्यूटी लागते आणि दर वर्षी पहिल्या पेपरच्या सकाळी मी तासभर आधीच गेटवर जाऊन उभी राहते. पेपर माझा नसतो, तरी राहते. गेट बंद व्हायला पाच-दहा मिनिटं उरलेली असतात, शेवटची मुलं धावत येत असतात, आणि मी त्यांच्या हॉल तिकिटाआधी त्यांचे हात बघते. काळे आहेत का, नखांत ऑइल आहे का. आता नसतं. आताच्या गाड्यांना कार्बोरेटरच नाही. वर्गात मी हा शब्द उच्चारला, की मागच्या बाकावरून हसू ऐकू येतं आणि माझं डोकं फिरतं. हसा म्हणावं. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या त्या मूठभर डब्यानं एका महिन्यात माझ्या घरातल्या तीन माणसांना किती रडवलं ते तुम्हाला काय ठाऊक!

तेव्हा आम्ही एकोडीच्या पलीकडच्या एका लहान गावात राहत होतो. बाबा पाटबंधारे खात्यात होते. कालव्यावर फिरायचं, पाणी सोडायचं, शेतकऱ्यांची भांडणं सोडवायची आणि स्वतः दोन नवी भांडणं करून घरी यायचं, हे त्यांचं काम. राग नाकावर. मीही त्यांचीच मुलगी, त्यामुळे आईला घरात दोन चुली पेटत्या ठेवाव्या लागायच्या, असं ती म्हणायची. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा बाबांच्या ऑफिसातले एक बाबू गोंदियाला गेले आणि जाताना आपली मोटारसायकल बाबांना देऊन गेले. गाडी जुनी होती, पण बाबा तिच्याशी जितक्या गोडीनं बोलायचे तितकं आमच्याशी बोलल्याचं मला आठवत नाही.

ती संध्याकाळी सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या बंद पडवीत उभी राहायची. बाहेर ठेवली तर पेट्रोल चोरीला जायचं. आणि माझा अभ्यासही सपरीतच. आतल्या एका खोलीत धानाची पोती, दुसरीत चूल. त्या वर्षी जानेवारीत मला टायफॉइड झाला होता. ताप गेला, पण जाताना अंगातलं सगळं घेऊन गेला. चार पावलं चालले की धाप लागायची आणि कुठलाही उग्र वास आला की डोकं ठणकायचं, मळमळायचं. पुस्तकाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पेट्रोलची टाकी. दोन-तीनदा मी आईजवळ कुरकुर केली होती. मग एके दिवशी लक्षात आलं की वास कमी झाला आहे. मी वर पाहिलंही नाही. मला वाटलं, अंगात जरा ताकद आली.

आमच्या मोहल्ल्यातून विज्ञान शाखेला गेलेली मी पहिली मुलगी. बुद्धविहारातल्या बायका आईला थांबवून विचारायच्या, "पोरगी का डॉक्टर होते का बाई?" त्या दिवशी आईच्या भाजीला फोडणी जरा जास्तच चांगली बसायची. परीक्षेचं केंद्र साकोलीला होतं. एरवी कॉलेजला मी एसटीनं जायचे. नेमकं त्याच फेब्रुवारीत नाल्यावरच्या पुलाचं काम निघालं. जुना पूल तोडला, नवा झाला नाही, आणि नाल्यातून मोटारसायकल निघेल एवढी एक कच्ची वाट उरली. एसटी बंद. सायकल चालवायची माझ्यात ताकद नव्हती. दहा-बारा किलोमीटरच्या अंतरासाठी सगळी भिस्त त्या बाबूंच्या मोटारसायकलवर.

"मी नेऊन देतो ना," बाबा म्हणाले. "तू कायले फिकर करतं?"

इंग्रजीच्या पेपरला निघालो. लाखोळीचं पीक कापून झालेल्या बांध्या, म्हणजे शेताचे मोकळे तुकडे, तलावाखालच्या पट्ट्यात उन्हाळी धानाचं हिरवंगार, कडेनं पळस. मी व्याकरण घोकत होते. अर्ध्याच्या थोडं पुढे रस्त्याला लागून मोहाचं एक मोठं झाड आहे. त्याच्याजवळ आलो आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली. बाबांनी किक मारली. मग मारत राहिले. मग टाकीचं झाकण उघडून आत डोकावले, गाडी हलवून पेट्रोलचा आवाज ऐकला, झाकण लावलं, कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल सांडवलं, पुन्हा किक मारली. गाडी सुरू. "कचरा आला होता जेटमधे," बाबांनी निदान केलं. केंद्रावर पोहोचलो तेव्हा गेटवर मी शेवटची होते. त्या पेपराचं पहिलं पान मी कसंबसं खरडलं. उत्तरपत्रिकेवरचं ते अक्षर कोणी कोंबडीचं म्हटलं असतं तरी मी भांडले नसते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कार्बोरेटर उतरवला.

गाडी खोलायची बाबांची एक पद्धत होती. सपरीत ऊन येईल अशा जागी वर्तमानपत्र, त्यावर आईची परात. "त्या परातीत मंग जेवीन कोण?" आई विचारायची आणि आत जायची. परातीत एकेक भाग काढतील त्याच क्रमानं ठेवायचा, डावीकडून उजवीकडे, म्हणजे बसवताना उजवीकडून डावीकडे यायचं. खालची वाटी, तिच्यातला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, त्याची सुई, आणि पितळेचे दोन जेट. जेट म्हणजे तांदळाच्या चार दाण्यांएवढा तुकडा आणि त्याच्या पोटात केसाएवढं छिद्र. त्यातून जेवढं पेट्रोल वर जाईल तेवढीच गाडी चालणार. वायरमधली तांब्याची एक तार काढून बाबा ती छिद्रातून हलकेच फिरवायचे. "लोखंडाची तार घातली का छिद्र मोठं होते, अन् गाडी पेट्रोल पेत राहते," हे ते दर वेळी सांगायचे. मग तोंडानं फुंकर. मग जेट सूर्याकडे धरून एक डोळा मिटून पाहायचं. प्रकाशाचा गोल ठिपका दिसला की जेट साफ. तेवढा वेळ घरात कोणी खोकायचं नाही, झाडायचं नाही, परातीवरून ओलांडून तर अजिबात जायचं नाही.

फ्लोट कानाशी नेऊन हलवला. आत पेट्रोल शिरलं नव्हतं. सुई ठीक. वाटीखालची कागदी पट्टी फाटली होती, ती कापायला जाड पुठ्ठा हवा म्हणून बाबांनी माझ्या रसायनशास्त्राच्या जर्नलचं कव्हर उचललं. मी ओरडले. "प्रॅक्टिकल झालं ना तुहं?" ते म्हणाले आणि कात्री चालवली. सगळं बसवलं, हवेचा स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सैल केला, गाडी सुरू केली. घड्याळासारखी चालली. तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत नेऊन आणली, कुठे अडली नाही. बाबा परात घासायला स्वतः विहिरीवर गेले, यावरून त्यांचा आनंद कळावा.

पुढच्या पेपरला गाडी त्याच मोहाखाली बंद पडली.

आज मी मुलांना सांगते, प्रयोगात चूक एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल तर चुकीवर रागावू नका, तिचं ऐका. शहाणपण आहे ते. तेव्हा ऐकायला कोणाजवळ शांतता होती? दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी असली की बाबा गाडी खोलत. दर वेळी काही ना काही सापडे, नळीत गाळ, प्लगवर काजळी, आणि दर वेळी "आता झालं" म्हणत. दर वेळी गावात गाडी छान चाले. दर वेळी मोहाखाली मरे. आणि दर वेळी ते झाकण उघडून पेट्रोल बघत, खालचा स्क्रू सैल करत, आणि ती सुरू होई. मी उशिरा पोहोचत नव्हते, पण पोहोचेन की नाही या धाकानं अर्धी होऊन पोहोचत होते. अभ्यासाला बसले की ओळींऐवजी ते झाड दिसे.

शेजारचे काकाजी एकदा ओट्यावर येऊन बसले. परातीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"त्याच जागेवर काहून बंद पडते मंग?" त्यांनी विचारलं. "काही आहे बाबू त्या झाडाखाली. एखादं लिंबू ठेवून पाहा."

बाबांनी पेचकस स्क्रूवरून काढला. "काकाजी, जागेले का डोळे आहेत का? जेट साफ कराचं सोडून लिंबू ठेवा म्हणता! मशीन होय हे, भूत नाही."

काकाजी उठून गेले. बाबा त्या दिवशी चहा गार झाला म्हणून आईवर ओरडले, मी मोठ्यानं वाचते म्हणून माझ्यावर ओरडले आणि पाना सापडत नाही म्हणून पान्यावर ओरडले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. वाटत होतं, मिस्त्रीकडे टाकत का नाहीत गाडी? पण मिस्त्री दोन दिवस ठेवून घेणार, आणि त्या दोन दिवसांत पेपर आला तर? शिवाय मला नेऊन देतो, असं त्यांनीच म्हटलेलं होतं. आता कळतं, की ते घाबरले होते. आमच्या घरात भीतीला दुसरा कुठला आवाज माहीत नव्हता.

भौतिकशास्त्राचा पेपर. तोच माझा विषय, त्यावरच पुढचं सगळं. त्या सकाळी कालव्याच्या एका दारावर पाण्यावरून भांडण झालं आणि बाबांना यायला उशीर झाला. पेट्रोल त्यांनी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलं होतं. आईनं माझ्या हातावर दही ठेवलं, आम्ही निघालो. नालाही नीट पार केला. मोह दिसू लागला तसा मी बाबांचा शर्ट मागून घट्ट धरला. बाबांनी वेग वाढवला, जणू झाडाला कळायच्या आत पुढे निघून जायचं होतं.

गाडीनं दोन आचके दिले.

बाबांनी काही पाहिलं नाही, सरळ पाना काढला आणि खालची वाटीच उघडली. घाईघाईत मोठा जेट सोडवला, आणि तो बोटांतून निसटला. त्या झाडाखाली कोणी झाडलेलं नव्हतं. वाळलेल्या पानांचा थर, त्यावर नुकती गळायला लागलेली मोहाची पिवळसर फुलं. त्यात एक पिवळा पितळेचा तुकडा. घरी परात होती. इथे माझ्या गळ्यात ओढणी होती, पण ती खाली पसरायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. आम्ही गुडघ्यांवर बसलो. पानं बाजूला करायची तर जेट आणखी खाली जाईल म्हणून एकेक पान उचलत होतो. मोहाचा तो गोड, जड वास, हातांना पेट्रोल, आणि मला रडू येत होतं. घड्याळाकडे बघायची हिंमत नव्हती. बाबा पुटपुटत होते, "असतेच ना इथे, जाते कुठं?" त्यांच्या कपाळावरून घाम पानांवर पडत होता.

जेट माझ्या बोटाला लागला. फुलाच्या आत बसला होता, अगदी आत.

बाबांनी फुंकर मारली, बसवला, वाटी लावली. किक. काही नाही. पुन्हा किक. दहा, पंधरा. या वेळी गाडी साधी खोकतही नव्हती. असं आधी झालं नव्हतं. आजवर मोहाखाली ती सुरू व्हायचीच. मग आज वेगळं काय? मी उभी राहून विचार करत होते, आणि माझ्या डोक्यात भीतीच्या मागे काहीतरी हललं. त्याच जागी म्हणजे तितक्याच अंतरावर. तितक्याच अंतरावर म्हणजे तितकंच पेट्रोल संपल्यावर. आणि आज बाबांनी झाकण उघडून आत पाहिलं नव्हतं.

"बाबा, टाकीचं झाकण उघडा."

"पेट्रोल आहे आत. कालच भरलं."

"पेट्रोलसाठी नाही. हवेसाठी. उघडा."

"आता तू शिकवशीन मले?" बाबा ओरडले. "पंधरा दिवस झाले मी खोलून राहिलो, अन् तुले आता समजलं?"

"हो, आता समजलं!" मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "नळीच्या वरच्या तोंडावर बोट ठेवलं तर खालून पाणी पडत नाही! तसंच होऊन राहिलं हे! सरका तुम्ही!"

मी त्यांना ढकललंच म्हणायला हवं. झाकण फिरवलं. टाकीनं 'सुस्स' असा एक लांब श्वास आत घेतला. आम्ही दोघांनीही तो ऐकला. वीस-पंचवीस सेकंद वाटीत पेट्रोल भरू दिलं. बाबांनी किक मारली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल जितकं खाली जातं तितकी हवा त्यातून आत येते. बाबांनी झाकण उलटं करून उन्हाकडे धरलं, जेट धरायचे तसंच, एक डोळा मिटून. प्रकाशाचा ठिपका दिसला नाही. छिद्रात निळं काहीतरी दाबून भरलेलं होतं. त्यांनी नखानं जरासं खरवडून वास घेतला.

साबण. कपड्याच्या निळ्या वडीचा.

आदल्या वर्षी टाकीच्या सांध्यातून पेट्रोल पाझरत होतं, तेव्हा बाबांनीच तिथे साबण चोळून ते बंद केलं होतं. आमच्याकडे सगळेच करतात. आई तेव्हा कंदील धरून शेजारी उभी होती. आणि त्या फेब्रुवारीत मला वासानं मळमळत होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघांनाही एकाच क्षणी समजलं. मला वाटलं, आता घरी गेल्यावर काही खरं नाही.

"आईले सांगू नको," बाबा म्हणाले. गाडीच्या आवाजात मला ते नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं. "तिनं तुह्यासाठी केलं. समजलं का? चाल, बस."

झाकण माझ्या हातात, टाकीच्या तोंडावर माझी ओढणी कोंबलेली, अशा थाटात आम्ही साकोलीत शिरलो. गेट बंद होत होतं. शिपायानं माझे हात पाहिले आणि काही न विचारता मला आत ढकललं. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. हवेच्या दाबावर प्रश्न आला असता तर गोष्ट छान झाली असती. आला नाही. पण त्या दिवशी मला जे आलं ते सगळं मी लिहिलं, आणि माझं अक्षर एकदाही बिघडलं नाही.

संध्याकाळी आईनं विचारलं, "आज पडली का बंद?"

"नाही पडत आता," बाबा म्हणाले. "जेटमधेच कचरा होता." आणि तिनं दिला तसा चहा पिऊन टाकला. बहुधा गारच असावा.

दुसऱ्या दिवशी छिद्र पुन्हा बंद. आई संध्याकाळी झाकणाकडे लक्ष ठेवून होती. साबण निघालेला दिसला की वडीचा कपचा घेऊन पुन्हा दाबायची. बाबांनी किल्लीच्या कड्यात एक सेफ्टी पिन अडकवली. सकाळी गाडी बाहेर काढायची, कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत हातानं ढकलत न्यायची, तिथे पिनेनं छिद्र मोकळं करायचं आणि मग किक मारायची. गावाला वाटायचं, गाडी थंड असते म्हणून ढकलतात. निकाल लागला तेव्हा विहारातल्या बायका घरी आल्या. आईनं सगळ्यांसमोर सांगितलं, "पेट्रोलच्या वासानं पोरीचं डोकं दुखे. मंग मीच साबण लावला झाकणाले. तवा तं अभ्यास झाला तिचा." मी बाबांकडे पाहिलं. जो माणूस पान्यावरही ओरडायचा, तो शांतपणे म्हणाला, "बरं केलं."

पुढे मी त्या घरात राहूनच बी.एस्सी. केलं. सपरी तीच, पुस्तकं बदलली. आई साबण लावत राहिली, बाबा काढत राहिले. मी नोकरीला लागून भंडाऱ्याला आले तरी त्यांचं सुरूच. गाडी विकली गेली तेव्हा घेणाऱ्यानं विचारलं, काही खोड आहे का. बाबा म्हणाले, "खोड नाही. फक्त निंघताना झाकणाचं छिद्र पाहत जाजो." बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्या किल्लीचं कडं मी मागून घेतलं. माझ्या स्कूटरची किल्ली त्यातच आहे. पिनही आहे, टोकाला जराशी वाकलेली.

काल संध्याकाळी मी ड्यूटीची ऑर्डर पर्समध्ये ठेवत होते. आई आता माझ्याजवळ असते. ती दारात उभी राहून स्कूटरकडे पाहत होती.

"हिचा वास नाही येत," ती म्हणाली.

"नव्या गाड्या आहेत आई. वास बाहेर येऊच देत नाहीत."

ती जरा हसली. मग माझ्या कानाशी येऊन, जसं काही बाबा आतल्या खोलीत बसले आहेत आणि ऐकतील, तशा आवाजात म्हणाली, "तुले सांगू? परीक्षा झाल्यावरही मी साबण लावतच होती. रोज. किती वर्षं लावला! तुह्या बाबाले एवढं मशीनीचं समजे, पण हे कधी समजलंच नाही."

किल्लीचं कडं माझ्या मुठीत होतं. पिन तळहाताला टोचत होती. मला तिला सगळं सांगायचं होतं. मोह, फुलातला जेट, चिंचेपर्यंत ढकललेली गाडी, सगळं ओठांवर आलं होतं.

"बरं केलं, आई," मी म्हणाले.